पूल-तपासणी, स्पर्शरहित (यंत्रमानवी)

काँक्रीट पुलाच्या स्लॅबमधील अदृश्य दोष, विशेषतः गंजून फुगलेल्या सळयांमुळे सुटलेले थर, संवेदक पृष्ठभागाला न टेकवता चालत्या यंत्रमानवाने शोधण्याची पद्धत. हातोडी ठोकून किंवा साखळी ओढून ‘बद्द’ आवाज ऐकण्याच्या रीतीतील कानाची जागा येथे मायक्रोफोन घेतो. ‘स्पर्शरहित’ हा शब्द सैलच म्हणायचा, कारण ठोका पोलादी गोळीचाच असतो.

ठोक्याने स्लॅबच्या जाडीत कंपन उठते. त्याची वारंवारता = ०.९६ × तरंगवेग ÷ (२ × जाडी). वेग ४,००० मी./से. व जाडी २० सेंमी. असल्यास ती ९.६ किलोहर्ट्‌झ येते, १० सेंमी. खोलीवर थर सुटला असेल, तर १९.२. ठोक्याच्या कंपनावरून जाडी व दोष ओळखण्याची ही मूळ पद्धत (‘इम्पॅक्ट-एको’) १९८० च्या दशकात मेरी सॅन्सालोन व निकोलस कॅरिनो यांनी अमेरिकेत विकसित केली. ०.९६ हा गुणक मात्र दीर्घकाळ अनुभवजन्यच होता. त्यास ‘आकार-गुणक’ म्हटले जाई. गिब्सन व पोपोविक्स यांनी २००५ मध्ये तो लँब तरंगाच्या (पट्टीसारख्या घनात दोन्ही पृष्ठभागांदरम्यान पसरणारा तरंग) शून्य समूहवेगाच्या, म्हणजे ऊर्जा पुढे न सरकता जागीच राहण्याच्या, अवस्थेशी जोडला आणि पॉयसाँ गुणोत्तरानुसार (दाबलेला पदार्थ आडवा किती फुगतो याचे माप) किंचित बदलतो असे दाखविले. हे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. हवेतून ऐकण्याच्या तंत्रासाठी सामान्यतः झू व पोपोविक्स यांच्या २००७ च्या निबंधाकडे निर्देश केला जातो.

उथळ दोषाला सूत्र लागू पडत नाही. सुटलेला पापुद्रा ढोलाच्या कातड्यासारखा वाकतो. त्याची कमी वारंवारता खोलीइतकीच क्षेत्रफळावरही ठरते. जागा कळते, खोली नाही.

काँक्रीट व हवा यांच्या ध्वनिरोधात (ध्वनितरंगास माध्यमाकडून होणारा विरोध) सु. २०,००० पटींचा फरक असल्याने हवेत उतरणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. म्हणून मायक्रोफोन काही सेंमी. उंचीवर ठेवून भोवती फोमचे कवच घालतात. तरीही ठोक्याचा थेट आवाज, मोटारींची घरघर व वारा मिसळतातच. गोळी फार मोठी निवडल्यास उच्च वारंवारता उठतच नाहीत व दोष निसटतो, १२ मिमी.ची गोळी सु. २४ किलोहर्ट्‌झपर्यंत पुरते. रटगर्स विद्यापीठाच्या ‘रॅबिट’ यंत्रमानवाचे ध्वनिसंवेदक टेकवावे लागत, त्यामुळे तो थांबत थांबत चाले.

मायक्रोफोनच्या जोडीला शिंग-अँटेनाचे (पृष्ठभागाला न टेकणारे) रडार व अवरक्त कॅमेरा असतात. ओल व क्लोराइड रडार-लहरी शोषतात, म्हणून अशा जागी परतणारा संकेत क्षीण दिसतो. सुटलेला भाग दिवसा उन्हात अधिक तापतो, रात्री लवकर निवतो. ढगाळ दिवशी, सावलीत वा डांबरी थराखाली हा फरक पुसट होतो.