पार्टी वॉलमध्ये मौन म्हणजे संमती नव्हे

"शेजाऱ्याने ऑब्जेक्शन घेतलंय, आता काम अडकलं." इंग्लंडमध्ये घर वाढवायला काढलेल्या कुणाचा असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: हरकत कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, गेलीय, की तुम्ही शेजाऱ्याला दिलेल्या पार्टी वॉलच्या, म्हणजे सामाईक भिंतीच्या, नोटिशीचं उत्तर आलंय? बहुतेकदा पलीकडे शांतता. म्हणजे झालाय तोच घोळ, दोन्ही एकच समजण्याचा.

प्लॅनिंगचं, म्हणजे कौन्सिलच्या बांधकाम परवानगीचं, तुम्हाला ठाऊक आहे. अर्ज टाकला की शेजाऱ्यांना हरकत घ्यायला साधारण २१ दिवस मिळतात, घरगुती अर्जाचा निकाल ८ आठवड्यांत अपेक्षित असतो. तुमच्या खिडकीतून त्यांच्या बागेत थेट नजर जाते, त्यांच्या खोलीचा उजेड अडतो, असल्या हरकती तोलल्या जातात. घराची किंमत उतरेल, बांधकामाचा आवाज होईल, असल्या हरकतींना वजन नसतं. पत्रं किती आली याने निकाल ठरत नाही, म्हणून गल्लीभर सह्या गोळा झाल्या तरी घाबरू नका. नजरेचा मुद्दा असेल तर दुधी काच लावतो असं आपणहून कळवून टाका. झालं.

पार्टी वॉलचा कायदा १९९६ चा, इंग्लंड आणि वेल्सपुरता. त्यातला वाद कौन्सिल सोडवत नाही, तिथे जाऊन विचारणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. सामाईक भिंतीत तुळई घालायची असेल तर शेजाऱ्याला २ महिने आधी लेखी नोटीस. त्याच्या घरापासून ३ मीटरच्या आत, त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर १ महिना आधी. प्लॅनिंग मंजूर झालं म्हणून हे सुटत नाही. ज्या लॉफ्टला, म्हणजे माळ्यावर काढलेल्या खोलीला, प्लॅनिंगच लागत नाही, त्यालासुद्धा भिंतीला हात लागणार असेल तर नोटीस आहेच.

आता खरा घोळ. प्लॅनिंगमध्ये शेजारी गप्प बसला तर त्याची हरकत नाही, विषय संपला. आपण 'मौन म्हणजे संमती' ऐकत वाढलेलो, त्यामुळे तोच हिशेब पार्टी वॉललाही लावतो. तिथे नेमकं उलटं आहे. या दोन्ही नोटिशींना १४ दिवसांत लेखी होकार आला नाही, तर कायद्याने तो नकारच. शेजारच्या आजोबांनी हसून चहा पाजला, म्हणून दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू करणारे मी पाहिलेत. चहा म्हणजे लेखी होकार नव्हे.

आणि त्या नकाराला घाबरणारे दुसऱ्या टोकाला. प्लॅनिंगमधली हरकत पटली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पार्टी वॉलमधला नकार म्हणजे 'बांधू नका' नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की काम कसं करायचं ते आता सर्व्हेअर, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला बांधकामाचा जाणकार, ठरवणार. दोघांनी एकेक नेमायचा किंवा मिळून एकच. मग तो शेजारच्या भिंतीवरच्या आधीच्या भेगांची नोंद करतो, फोटो काढतो, कामाची पद्धत नि वेळा लिहून निवाडा देतो. शेजाऱ्याने सर्व्हेअर नेमलाच नाही तर लेखी मागणी करा. १० दिवसांत काही झालं नाही तर त्याच्या वतीने तुम्हीच नेमू शकता. म्हणजे नुसता हट्ट धरून त्याला काम कायमचं रोखता येत नाही. नोटीसच न देता कुदळ मारलीत तर मात्र तो कोर्टातून मनाई हुकूम आणू शकतो, आणि तेव्हा चूक तुमची.

माझं मत विचाराल तर दोघांत एकच सर्व्हेअर. फी बहुधा बांधणाऱ्याच्याच गळ्यात पडते, मग दोघांची कशाला भरायची? आणि 'माझा सर्व्हेअर' हे शब्द ऐकले की माझं डोकं उठतं. तो तुमचा वकील नाही. तुम्ही नेमलात, पैसे दिलेत, तरी त्याने दोन्ही बाजूंना निःपक्षच राहायचं असतं.

नोटीस पेटीत टाकण्याआधी नकाशा घेऊन एकदा दार वाजवा. सोबत होकाराचा छापील कागद, तिकीट लावलेलं पाकीट आणि पेनसुद्धा न्या.