सामन्यांच्या तारखा कुणाच्या? इंग्लिश फुटबॉलमधल्या कॉपीराइट वादाची पार्श्वभूमी

चाहत्यांच्या वेबसाइटने आपल्या संघाचं वेळापत्रक छापायचं तर परवाना घ्यावा लागेल, ही मागणी इंग्लंडमध्ये २००१ नंतर गाजली. पण तिचं मूळ ‘पूल्स’ या पैजेच्या खेळात आहे. पूल्सच्या कुपनावर आठवड्याचे सामने छापलेले असत आणि खेळणारा त्यांचे निकाल ओळखून पैसे लावी. सामने भरवणाऱ्या ‘फुटबॉल लीग’ या संस्थेला ही पैज नको होती. १९३६ मध्ये लीगने छापलेलं वेळापत्रक रद्द केलं आणि सामने ऐनवेळी जाहीर करायला सुरुवात केली. कुपनं छापताच येऊ नयेत, हा हेतू. पण आपला संघ कुठे खेळणार हे प्रेक्षकांनाही कळेना. गर्दी घटली, क्लब चिडले आणि प्रयोग लगेच गुंडाळला गेला.

पुढे लीगने तारखा लपवणं सोडून त्यांचे पैसे घ्यायचं ठरवलं. १९५९ मध्ये लिटलवुड्स या पूल्स कंपनीविरुद्धच्या दाव्यात न्यायमूर्ती अपजॉन यांनी वेळापत्रकावर लीगचा कॉपीराइट मान्य केला. यादी तयार करायला कौशल्य आणि श्रम लागतात, एवढा आधार ब्रिटिश कायद्याला तेव्हा पुरेसा होता.

श्रम खरोखरच मोठे आहेत, हे मान्य करायला हवं. प्रीमियर लीगच्या २० संघांचे ३८० सामने, खालच्या तीन विभागांत २४ संघांचे प्रत्येकी ५५२, एकूण २,०३६. आधी आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय स्पर्धांच्या तारखा वगळायच्या, मग क्लबांकडून प्रश्नावली भरून घ्यायची: कुठल्या तारखेला घरच्या मैदानावर सामना नको, कुठल्या शेजारी क्लबचा सामना त्याच दिवशी नको. नियमही कडक. सलग तीन सामने घरी किंवा सलग तीन बाहेर नकोत. कुठल्याही सलग पाचांत चार घरी किंवा चार बाहेर नकोत. एक सामना हलवला की साखळीतले बाकीचे हलतात, म्हणून संगणकाने जुळणी केल्यावरही माणसाला हाताने दुरुस्त्या कराव्या लागतात. शेवटी पोलिसांशी चर्चा.

ही यादी विकण्याचं काम फुटबॉल डेटाको या कंपनीकडे आलं. वर्तमानपत्रं, पैज कंपन्या यांच्याबरोबर चाहत्यांच्या साइट्सही तिच्या कक्षेत आल्या. आमच्या मते इथेच तोल गेला. शनिवारी कुणाशी सामना आहे हे लिहिणारा चाहता आणि त्यावर धंदा करणारी पैज कंपनी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दरम्यान कायदा बदलला होता. १९९६ च्या युरोपीय डेटाबेस निर्देशाने दोन वेगळे हक्क दिले: रचनेत मौलिकता असेल तर कॉपीराइट, आणि माहिती मिळवण्या-पडताळण्यात मोठी गुंतवणूक असेल तर १५ वर्षांचा डेटाबेस हक्क. ९ नोव्हेंबर २००४ रोजी युरोपीय न्यायालयाने फिनलंड, स्वीडन आणि ग्रीसमधल्या खटल्यांत दुसरा हक्क नाकारला. आधीपासून असलेली माहिती गोळा करणं वेगळं आणि माहिती स्वतः निर्माण करणं वेगळं. लीग तारखा ठरवते, शोधत नाही, म्हणून ती गुंतवणूक धरली गेली नाही. उरला कॉपीराइट. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो मान्य केला, पण १ मार्च २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की श्रम आणि कौशल्य कितीही लागोत, माहितीच्या निवडीत किंवा मांडणीत स्वतंत्र सर्जनशील निर्णय दिसले तरच कॉपीराइट मिळतो. नियमांनी बांधलेल्या वेळापत्रकाला ही कसोटी पार करणं कठीण. १९५९ चा आधार तिथे निसटला.

याचा अर्थ सगळंच मोकळं झालं असा नाही. गोल, वेळ, खेळाडू यांची मैदानावरून गोळा केलेली थेट माहिती ‘मिळवलेली’ असते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तिला डेटाबेस हक्क दिला. क्लबांची बोधचिन्हं ट्रेडमार्कखाली राहतात. तिसरा अडथळा सहज नजरेतून सुटतो: रायनएअर या विमान कंपनीच्या २०१५ च्या खटल्यानुसार, हक्क नसलेल्या डेटाबेसवरही साइटच्या अटींनी बंधन घालता येतं. अधिकृत साइटवरून तयार कॅलेंडर फाइल ‘मान्य आहे’वर टिचकी मारून उतरवली, तर प्रश्न कराराचा होतो. वर्तमानपत्रात किंवा तिकिटावर छापलेल्या तारखा पाहून स्वतः यादी केली, तर ही अडचण येत नाही.

भारतात वेगळा डेटाबेस हक्क नाही. संकलनाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जागा आहे, पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ श्रम आणि पैसा पुरेसा नाही, किमान काही सर्जनशीलता हवी, असं म्हटलं. तो निकाल डिसेंबर २००७ चा, म्हणजे वेळापत्रकावरच्या २०१२ च्या युरोपीय निर्णयाच्या चार वर्षं आधीचा.