तडे गेलेला घुमट उभा कसा? रोमच्या पॅन्थिऑनचे बांधकाम

रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराचा घुमट तडकलेला आहे. भिंतीवर तो जिथे टेकतो तिथून वर चढत गेलेले उभे तडे १९३० च्या दशकात डागडुजीच्या वेळी अल्बेर्तो तेरेन्झिओ यांनी तपासून नोंदवले. आतला व्यास ४३.३ मीटर, वय सुमारे १९०० वर्षे, आणि सबंध घुमटात लोखंडी सळई एकही नाही. बिनासळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात कुठे नाही.

तडे का गेले, ते आधी पाहू. अर्धगोल घुमटाचा माथ्याकडचा भाग स्वतःच्या वजनाने आवळला जातो, तर पायथ्याकडचा भाग बाहेर फाकू पाहतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणले की तुटते. हा ताण घ्यायला आज आपण सळया घालतो; रोमन गवंड्यांकडे ती सोय नव्हती. त्यामुळे घुमटाचा खालचा भाग संत्र्याच्या फोडींसारखा उभा विभागला गेला. पण वरचा भाग दाबाखाली एकसंध राहिला, आणि समोरासमोरच्या दोन फोडी मिळून एकेक कमान झाली. या सगळ्या कमानी माथ्यावरच्या गोल झरोक्याच्या कड्याला टेकून उभ्या आहेत. रॉबर्ट मार्क आणि पॉल हचिन्सन या अभ्यासकांनी १९८६ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवले ते हेच: पॅन्थिऑनचा घुमट आज कमानींच्या गटासारखा काम करतो.

कमान बाहेर रेटा देते, म्हणून तिच्या पायाशी वजन हवे आणि माथा हलका हवा. बांधणाऱ्यांनी दोन्ही साधले. खालची भिंत सुमारे ६ मीटर जाडीची आहे. घुमटाच्या बाहेरून, खालच्या अंगाला, पायऱ्यांसारखी कडी रचली आहेत. त्यांच्या भारामुळे कमानींचे पाय फाकत नाहीत. पायथ्याशी घुमट जवळजवळ भिंतीइतकाच जाड आहे, झरोक्यापाशी मात्र जेमतेम १.२ मीटर.

माझ्या मते खरी करामत खडीत आहे. पायात ट्रॅव्हर्टाइन हा जड चुनखडीचा दगड घातला. त्यावरच्या भिंतीत ट्रॅव्हर्टाइन आणि टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, मग टफ आणि विटांचे तुकडे, घुमटाच्या पायथ्याशी बहुतेक विटाच, आणि माथ्याजवळ हलका टफ व प्यूमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र ज्वालामुखी दगड. पायाकडच्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,२०० किलो, तर माथ्याकडच्याचे सुमारे १,३५०. सगळीकडे एकच जड खडी वापरली असती तर कमानींवरचा ताण ८० टक्क्यांनी वाढला असता, असे मार्क आणि हचिन्सन यांचे गणित सांगते. आतून दिसणाऱ्या चौकोनी खळग्यांनी वजन कमी केले असे सर्रास सांगितले जाते, पण त्यांनी कमी झालेले वजन फार थोडे आहे. त्यांची आखणी मात्र अवघड होती. पाच रांगा, प्रत्येकीत २८, एकूण १४० खळगे. आणि खालची भिंत आठ भागांत विभागलेली. २८ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे खालच्या रचनेच्या रेषा तशाच वर नेऊन चालले नसते.

हे काँक्रीट आजच्यासारखे ओतलेले नव्हते. लाकडी सेंट्रिंगवर घट्ट मसाल्याचा थर पसरायचा, त्यात मुठीएवढे दगड हाताने बसवायचे, धुम्मसाने ठोकायचे, मग पुढचा थर. मसाला म्हणजे चुना आणि पोझोलाना ही ज्वालामुखीची राख. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोचत नाही, म्हणून तिथे तो वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो. राखेतले सिलिका आणि ॲल्युमिना पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावतात, त्यामुळे हा मसाला पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. आपल्याकडच्या जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालत तेव्हा रसायन हेच होते.

रोमन मसाल्यात चुन्याचे पांढरे कण दिसतात. पूर्वी ते नीट न मिसळल्याची खूण मानले जात. अॅडमिर मासिच या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडले की चुना आधी न विरवता कळीचा चुनाच थेट मिसळल्याने हे कण उरत. तडा जाऊन पाणी शिरले की कणातले कॅल्शियम विरघळते आणि तड्यात कॅल्साइट हे चुनखडीचे खनिज होऊन साचते. या पद्धतीने बनवलेल्या नमुन्यातली अर्ध्या मिलिमीटरची चीर दोन आठवड्यांत बुजली. मात्र त्यांनी अभ्यासलेले जुने काँक्रीट प्रिवेर्नम या गावाच्या तटबंदीचे होते, पॅन्थिऑनचे नव्हे. आणि घुमटाचे मोठे तडे असे बुजत नाहीत.

दर्शनी पट्टीवर लिहिले आहे की हे लुसियसचा मुलगा, तीनदा कॉन्सल (रोमचा दरवर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी) झालेला मार्कस अग्रिप्पा याने बांधले. ते मंदिर इ.स.पू. २७ च्या सुमाराचे, इ.स. ८० मध्ये ते जळाले, पुन्हा उभारलेली वास्तू ११० मध्ये वीज पडून जळाली. आजची इमारत कोणाची, हे विटांनी सांगितले. रोमन विटांवर भट्टीचे शिक्के असत, काहींवर त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान यांनी गिलाव्याआडच्या विटा पाहिल्या आणि काळ सम्राट हेड्रियनचा ठरला. काम त्याच्या आधीचा सम्राट ट्रेजन याच्या अखेरच्या वर्षांत सुरू झाले असावे, असे आता अनेक अभ्यासक मानतात. ६०९ मध्ये त्याचे चर्च झाले, आणि म्हणूनच ते दगडांसाठी लुटले गेले नाही.

पाहायला जाल तर चौकातून आधी दारापुढच्या खांबांच्या मंडपाच्या त्रिकोणी माथ्यामागची भिंत पाहा. तिच्यावर आणखी उंचावर दुसऱ्या त्रिकोणाची रेषा आहे. मूळ आराखड्यात ५० रोमन फुटांचे खांब असावेत आणि प्रत्यक्षात ४० फुटांचे, म्हणजे ११.८ मीटरचे मिळाले, असा तर्क यावरून केला जातो. इजिप्तहून आणलेला हा प्रत्येक ग्रॅनाइटचा खांब सुमारे ६० टनांचा आहे. डाव्या कडेचे तीन १७ व्या शतकात बदलले गेले.

आत जायला २०२३ पासून तिकीट लागते. ऊन असेल तर उन्हाळ्यात घड्याळात दुपारी १ वाजून १० मिनिटांच्या सुमारास आत असावे. उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केलेली असल्यामुळे, रोममध्ये खरी मध्यान्ह तेव्हा होते. २१ एप्रिल हा रोमच्या स्थापनेचा पारंपरिक दिवस. त्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर असतो, आणि झरोक्यातून आलेला कवडसा बरोबर दारावर पडतो. जूनमध्ये तो फरशीवर उतरतो, हिवाळ्यात घुमटावरच राहतो. गरम हवेमुळे पाऊस आत येत नाही ही नुसती दंतकथा. पाऊस येतो, मध्ये किंचित फुगीर असलेल्या फरशीवरून वाहतो आणि २२ छिद्रांतून निघून जातो. ओल्या संगमरवरावर पाय सांभाळा.

बाहेर पडल्यावर इमारतीला वळसा घाला. भिंतीच्या विटांत बसवलेल्या मोठ्या कमानी तिथे उघड्या दिसतात. आतल्या कोनाड्यांच्या पोकळ्या टाळून त्या भार जाड खांबांवर नेतात. घुमटाची कडी मात्र रस्त्यावरून नीट दिसत नाहीत. त्यासाठी कास्तेल सांतांजेलो या किल्ल्याच्या गच्चीवर जावे. तो किल्ला म्हणजे मुळात हेड्रियनची समाधी, आणि १६२० च्या दशकात पोप आठवे अर्बन यांनी पॅन्थिऑनच्या मंडपातून काढलेल्या काशाच्या तोफा याच किल्ल्यासाठी ओतल्या गेल्या.