नाकावरून जात ओळखता येते?

धारदार नाक म्हणजे वरची जात, बसकं म्हणजे खालची, असं आजही लग्नाच्या बैठकीत बिनदिक्कत बोललं जातं. या समजाला शास्त्राचा मुलामा दिला हर्बर्ट रिस्ले याने, १९०१च्या जनगणनेच्या आयुक्ताने. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००. आकडा जितका लहान तितकी जात उच्च, हा त्याचा दावा.

मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२मध्ये उपलब्ध मापं पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात, उतरंड थोडीफार जुळत होती. इतर भाषिक प्रदेशांत मात्र मापांचा क्रम एक, जातींचा दुसराच.

त्याआधी बर्लिनमध्ये इरावती कर्व्यांपुढे असाच पेच होता. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर यांचा अंदाज असा की युरोपीय कवट्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंत जास्त फरक असतो, आणि तेच श्रेष्ठत्वाचं लक्षण. कर्व्यांनी कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक सापडला नाही, आणि त्यांनी ते प्रबंधात लिहिलं. परदेशी विद्यार्थिनीने गुरूला असं सांगायचं, तेही त्या काळच्या जर्मनीत!

नाकाच्या रुंदीचा थोडाफार संबंध आढळतो तो हवामानाशी. आणि मोजपट्टी काही टाकाऊ नाही: बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४ सेंमी, वर्षभरात ४५च्या आसपास. ही वाढ अडली किंवा फार वेगाने झाली तर बालरोगतज्ज्ञ लगेच तपासण्या सुचवतात.