जुना इंग्रजी पाईप: घासायला घेण्याआधी हे वाचा

आजोबांच्या कपाटात तंबाखू ओढायचा जुना पाईप सापडला, की तो लख्ख करून ठेवावासा वाटतो. जुने पाईप पारखणारे म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, एवढा मोह आवरा.

ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी मिळणाऱ्या कठीण लाकडाच्या इंग्रजी पाईपची खरी किंमत चकाकीत नसते, दांडीवर, म्हणजे तंबाखूच्या वाटीला जोडलेल्या लाकडी भागावर, ठोकलेल्या बारीक अक्षरांत असते. ही अक्षरं फार उथळ असतात. पॉलिशच्या चाकावर ती पाहता पाहता पुसट होतात आणि एकदा गेली की कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाहीत. मग पाईप कोणाचा, कोणत्या काळातला, हे सांगणारं फारसं काही उरत नाही.

डनहिलचंच बघा. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये स्वतःचे पाईप बनवायला घेतले. तोंडात धरायच्या नळीवरचा प्रसिद्ध पांढरा ठिपका आला तो नळीची वरची बाजू कोणती हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. पण ठिपका कोणीही बसवू शकतं, म्हणून आम्ही आधी शिक्का वाचतो. ‘इंग्लंड’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरालगत एक छोटा आकडा असतो, तो वर्षाचा. तोच आकडा एकाहून अधिक दशकांत येतो, त्यामुळे सोबत पेटंट क्रमांक आहे का, हेही पाहावं लागतं. अक्षरं अर्धी झिजलेली असली तर आमचाही अंदाजच उरतो.

कोमॉय या लंडनच्या कंपनीच्या जुन्या पाईपांवरचं ‘सी’ हे अक्षर जरूर भिंगाखाली पाहा. नळीत आधी पांढरा गोल बसवायचा, त्याच्या मध्यात काळा, आणि मग एका बाजूने तिसरा तुकडा बसवून वर्तुळाचं तोंड उघडायचं! पुढच्या काळात हे अक्षर नुसतं छापलेलं दिसतं. सासिएनी या लंडनच्याच कंपनीच्या पाईपच्या नळीवर फिकट निळे ठिपके असतात, बहुतेकदा चार. आठ ठिपक्यांचे पाईप त्याआधीचे आणि दुर्मीळ.

चांदीचं कडं असेल तर नशीबच. बार्लिंग हे लंडनचं घराणं मुळात चांदीकामातलं, १८१२ पासूनचं. कड्यावर ठोकलेल्या खुणांत चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे ती बर्मिंगहॅममध्ये तपासलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनमध्ये. शेजारच्या अक्षरावरून वर्ष काढता येतं. मात्र दांडीला तडा गेल्यावर तो झाकायलाही नंतर कडं चढवलेलं असतं. अशा वेळी कड्याचं वर्ष पाईपचं नव्हे. कड्याच्या कडेशी शिक्क्याची अक्षरं अर्धवट झाकली गेली असतील, तर ते नंतरचं समजा.

नळी हिरवट-तपकिरी झाली म्हणून घाबरू नका. ती बहुधा व्हल्कनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उजेडात ते असंच विटतं. अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला तर काळा रंग परत येतो, फक्त ठिपक्याला आणि अक्षराला हात लावू नका. वाटीतली काजळी सुरीने खरवडू नका. नळी काढायची ती पाईप पूर्ण थंड असताना, सावकाश फिरवत. अडकली तर जोर न करता तशीच आमच्याकडे आणा.

विकत घेताना वाटीचा आतला तळ बोटाने चाचपा. लाकूड मऊ लागलं किंवा बाहेरून काळा डाग दिसला, तर ते आत जळलेलं असू शकतं. असा पाईप कितीही नामांकित असो, आम्ही घेत नाही.

आम्ही तंबाखू विकत नाही; फक्त जुने पाईप पारखतो, दुरुस्त करतो आणि विकतो. पारखीसाठी फोटो पाठवताना दांडीच्या दोन्ही बाजू तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅश नको. फ्लॅशमध्ये उथळ अक्षरं दिसत नाहीत. पाईप पुसायचाच असेल तर कोरड्या सुती कापडाने, शिक्का सोडून.