वाढलेलं हाड आणि झिजलेली गादी

पूर्ण गुडघा बदलणं घरोघरी ठाऊक आहे, ते सोडून देतो. अर्ध्या बदलात गुडघ्याचा फक्त झिजलेला कप्पा, बहुतेकदा आतला, बदलतात. बाहेरचा कप्पा, वाटी आणि लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) आपलेच राहतात.

घोळ होतो तो एक्स-रेवरून. बाहेरच्या कडेला हाडाची चोच दिसली की घरातला कुणीतरी जाणकार म्हणतोच, "तिकडेही हाड वाढलंय, आता पूर्णच बदला." चोच आणि गादीची (हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची) झीज ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. चोच सांध्याच्या काठावर उगवते. भार पेलणारी गादी मधल्या भागात असते. आतला कप्पा खराब झाला की साऱ्या सांध्यात खटपट सुरू होते आणि धड असलेल्या बाजूच्या काठावरही हाड वाढतं. अंगणाच्या कडेला तण माजलं म्हणून मधली फरशी उखडली असं होत नाही.

म्हणून विचारायचं ते गादीबद्दल: बाहेरची गादी पुरती शाबूत आहे का? त्यासाठी पाय बाहेरच्या बाजूला ढकलून, बाहेरचा कप्पा दाबला जाईल असा स्ट्रेस एक्स-रे काढतात. तिथे दोन हाडांमध्ये साधारण ५ मिलीमीटर फट टिकली, तर गादी पूर्ण जाडीची धरतात. झोपून काढलेल्या साध्या एक्स-रेवर निकाल देणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. ऑक्सफर्ड पद्धतीने (सरकत्या चकतीचा अर्धा बदल) ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या १५ वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात बाहेरच्या चोचींमुळे निकाल बिघडल्याचं दिसलं नाही. फट मात्र बुजली असेल, तर चोच असो वा नसो, अर्ध्याचा हट्ट धरू नये.

अर्ध्या बदलासाठीच्या वय-वजनाच्या जुन्या अटी (१९८९ची, वजन ८२ किलोंच्या आत हवं ही मर्यादा) आता बऱ्याच सैल झाल्यात.

चोची निकाल बिघडवतात त्या इतर जागच्या, ऑपरेशनमध्ये मागे राहिल्या तर. आतल्या कडेची चोच तिथल्या लिगामेंटला ताणून धरते. ती काढली की लिगामेंट मूळ लांबीवर येतं, म्हणून लिगामेंट सैल करायला जाऊ नये. मधल्या खाचेतली चोच क्रूशिएट लिगामेंटला (गुडघ्याच्या आत असलेल्या लिगामेंटला) घासते. मांडीच्या हाडामागची राहिली तर गुडघा पुरता वाकत नाही, आणि सरकणारी प्लास्टिकची चकती बसवली असेल तर तीही जागची निसटू शकते.