फाइलचे रूपांतर आणि फाइलचे कुलूप: ऑडिओबुक प्लेअरवर नेताना होणारी गल्लत

ऑडिओबुक विकत घेतले, संगणकावर उतरवले, छोट्या प्लेअरमध्ये टाकले आणि ते वाजलेच नाही, की बहुतेक जण लगेच एखादा कन्व्हर्टर शोधू लागतात. फाइल न वाजण्याची कारणे मात्र मुख्यतः दोन असतात: एक तर प्लेअरला तो फॉरमॅटच कळत नाही, किंवा फॉरमॅट ओळखीचा असूनही आतला आवाज कूटबद्ध केलेला असल्यामुळे, म्हणजेच डीआरएममुळे (फाइलची मनमानी नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपामुळे), तो वाचता येत नाही. पहिल्या अडचणीवर रूपांतर हा सरळ उपाय आहे. दुसऱ्या अडचणीत रूपांतर मुळात सुरूच होऊ शकत नाही, आणि तिथे तंत्राइतकाच कायद्याचाही प्रश्न येतो.

हा फरक नेमका कुठे असतो, हे एम४बी हा ऑडिओबुकचा सर्वसाधारण फॉरमॅट आणि ऑडिबल या ऑडिओबुक विकणाऱ्या कंपनीचा एएएक्स फॉरमॅट, अशा दोन फाइली शेजारी ठेवल्या की दिसते. दोन्हींची बाहेरची चौकट एमपी४ची असते, दोन्हींत आवाज एएसी पद्धतीने दाबलेला (आकार लहान केलेला) असतो आणि दोन्हींत प्रकरणांच्या खुणा व मुखपृष्ठाचे चित्र असते. कुलूप नसलेल्या एम४बी फाइलचे नाव बदलून शेवटी एम४ए लिहिले, तरी एएसी वाजवणारे अनेक प्लेअर ती निमूटपणे वाजवतात, कारण आत काहीही बदलावे लागत नाही. एएएक्सचे नाव असे बदलून काहीच साधत नाही. साध्या फाइलमध्ये आवाजाच्या प्रवाहावर ‘एमपी४ए’ असा चार अक्षरी संकेत असतो, तर एएएक्समध्ये त्या जागी ‘एएव्हीडी’ असतो. त्यामागची माहिती खरेदीदाराच्या खात्याशी जोडलेल्या किल्लीशिवाय उलगडत नाही. त्याच वेळी अधिकृत परवानगी मिळालेल्या यंत्राला अशी कुलूपबंद फाइल जड जात नाही: सॅनडिस्कच्या सान्सा क्लिप मालिकेतील काही छोटे प्लेअर ऑडिबलच्या प्रणालीतून सक्रिय करून घेतले, की ते ऑडिबलची पुस्तके कोणतेही रूपांतर न करता वाजवत असत. म्हणूनच कन्व्हर्टरवर पैसे खर्च करण्याआधी आपला प्लेअर ऑडिबलच्या फाइली थेट वाजवतो असे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे का, हे पाहणे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

कायद्याच्या दृष्टीनेही या दोन कृती एका पारड्यात बसत नाहीत. भारतात प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ यामध्ये २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. त्यानुसार हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, मात्र कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळलेली आहे. अमेरिकेतील १९९८चा डीएमसीए हा कॉपीराइटविषयक कायदा अधिक कडक आहे, कारण तिथे ठरावीक अपवाद सोडता संरक्षण मोडणे हीच कृती निषिद्ध ठरते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी श्रोत्यांनी भारतातला नियम आपल्यालाही लागू आहे असे धरून चालू नये. शिवाय कंपनीच्या सेवाशर्ती वेगळ्या असतात आणि कायद्याने मुभा दिली तरी आपल्या कृतीने त्यांचा भंग होऊ शकतो.

स्टोरीटेलसारख्या मासिक वर्गणीच्या सेवेवर मराठी पुस्तके ऐकणाऱ्यांसाठी हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे ‘डाउनलोड’ म्हणजे अ‍ॅपच्या आत, वर्गणी चालू असेपर्यंत ऐकण्यासाठी ठेवलेली प्रत असते. पुस्तक विकत घेतलेले नसते.

ज्यांना साध्या प्लेअरवरच ऐकायचे आहे त्यांनी खरेदीच्या वेळीच कुलूप नसलेली फाइल निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे. लिब्रो.एफएम हे ऑडिओबुकचे ऑनलाइन दुकान बिनकुलूपाच्या एमपी३ फाइली विकते, आणि २००५ साली सुरू झालेल्या लिब्रीव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली, हक्कमुक्त झालेली पुस्तके मोफत मिळतात.

अशा मोकळ्या फाइलचे रूपांतर करतानाही थोडे सांभाळावे लागते. एएसीवरून एमपी३ करणे म्हणजे आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबणे, आणि त्यात दर्जा थोडा तरी घटतोच. प्लेअर एएसी वाजवत असेल तर रूपांतराच्या वाटेला जाऊच नये. एमपी३ हवीच असेल तर मानवी आवाजासाठी ६४ केबीपीएस (दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण), एका चॅनेलमध्ये (मोनो), सहसा पुरेसे होते. तासाला सुमारे २९ एमबी, म्हणजे दहा तासांचे पुस्तक २९० एमबीच्या आसपास बसते. मूळ फाइल ६४ची असताना १२८ची एमपी३ केल्यास आकार दुप्पट होतो, पण गेलेला दर्जा परत येत नाही. बरेचसे साधे प्लेअर एमपी३मधील प्रकरणांच्या खुणा ओळखत नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करावी आणि नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. नुसते १, २ दिले तर अनेक प्लेअर पहिल्या प्रकरणानंतर थेट दहावे लावतात.